वडिलांची 1997 ची मारुती 800 तीन वर्षं दारात उभी आहे, आरसी 2022 ला संपली, वडील आता नाहीत. विकू, भंगारात देऊ की चालू करून ठेवू? आणि नवी कोणती घेऊ?

भंगारात द्या. आणि घरात "असू दे उभी, कधीतरी चालू करू" असं जो कुणी म्हणतोय, त्याला हे वाचायला द्या. आमच्याकडे तो मान मेहुण्यांचा. उभी गाडी झिजत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. झिजत नाही हे खरंच, पण सडते त्याचं काय?

तुमची कार्ब्युरेटरवाली आहे. टाकीतलं पेट्रोल काही महिन्यांतच बिघडतं, कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये (पेट्रोल साठणाऱ्या छोट्या कप्प्यात) वाळतं आणि त्याचा चिकट थर जेटच्या भोकांत बसतो. टाकी अर्धी असेल तर वरच्या मोकळ्या पत्र्याला दमट हवेचं पाणी धरतं, टाकी आतून गंजते आणि गाडी चालू केली की तो चुरा फिल्टर-पंपात येतो. हँडब्रेक ओढलेला राहिला असेल तर मागचे लायनर ड्रमला चिकटलेले असणार. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, त्याने व्हील सिलिंडरचे पिस्टन जाम. क्लच प्लेट फ्लायव्हीलला धरते. उंदरांचं वेगळं सांगायला नको.

यावर मेहुण्यांचा उपाय म्हणजे दर रविवारी जागेवरच पाच मिनिटं चालू करायची. याच्याइतका गाडीचा घात दुसरा नाही. पाच मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि तो आतून कुजतो. स्टार्टरने जेवढी बॅटरी खाल्ली तेवढीही तेवढ्यात भरून निघत नाही. चालवायची तर अर्धा तास रस्त्यावर, नाहीतर हात लावू नये. तुमची आरसी संपली असल्याने रस्त्याचा प्रश्नच मिटला.

एकदा आवाज ऐकायचाच असेल तर किल्ली फिरवून मोकळे होऊ नका. तिन्ही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या. सकाळी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने दोन-तीन फेरे द्या. अडलं तर तिथेच थांबा, जोर करू नका. टायमिंग बेल्टचं कव्हर काढून रबर बघा. भेगा असतील तर बेल्ट बदलल्याशिवाय स्टार्टर मारायचा नाही. मग ऑइल आणि फिल्टर नवीन. कॉइलची वायर काढून ठेवा आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोडं-थोडं क्रँक करा. नंतर प्लग बसवा, वायर जोडा आणि पेट्रोल टाकीतून न घेता पंपाला बाटलीतून ताजं द्या. हे उघड्यावर करा, जवळ फायर एक्स्टिंग्विशर ठेवा.

ठेवायची की नाही हे मात्र इंजिनवर ठरवू नका, ते 796 सीसीचं इंजिन कुणीही मिस्त्री उभं करून देईल. पत्रा बघा. पायाखालचं मॅटिंग उचला आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणटण वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर उलट करून टोक दाबा. पुढच्या शॉकअपचा वरचा टॉवर, बॅटरीखालचा ट्रे, दारांच्या खालच्या कडा आणि उंबऱ्याचा पत्रा, एवढ्या जागा पुरे. टॉवरपाशी टोक आत गेलं तर विषय संपला; तिथे वरून पट्टी मारून रंग देणारे भेटतील, पण एखाद्या खड्ड्यात शॉकअप वर येईल.

आता कागद. गाडी अजून वडिलांच्याच नावावर आहे, तेव्हा आधी ती वारसाच्या नावावर करा. मृत्यूचा दाखला, बाकी वारसांची संमती आणि फॉर्म 31. अर्ज तीन महिन्यांत करायचा असतो. बँकेचा जुना बोजा आरसीवर राहिला असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35. कर्ज फिटून वीस वर्षं झाली तरी बोजा तसाच, ही फार सर्रास गोष्ट आहे. ई-चलन थकलं असेल तर भरून टाका.

पासिंग करून ठेवायचीच असेल तर फॉर्म 25, गाडी आरटीओत दाखवायची, एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) पाट्या, पर्यावरण कर आणि उशिराचा दंड. ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांवरच्या मोटारीची नूतनीकरणाची नुसती फीच 10,000 रुपये आहे. मिळणार पाच वर्षं.

"ओळखीच्याला देऊ, कागद नंतर करू" हे तर अजिबात नको. आरसी संपलेली गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही, म्हणजे ती तुमच्याच गळ्यात. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात स्पष्ट केलंय की गाडी विकून पुढे कितीही हात फिरली, तरी अपघाताच्या भरपाईला आरसीवर नाव असलेला मालकच जबाबदार. सही केलेला कोरा फॉर्म 29 (गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचा) देऊन पेढे खाणाऱ्यांनी हे वाचावं.

भंगार म्हणजे नाक्यावरचा भंगारवाला नव्हे. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या आणि 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' हातात घ्या. त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. खासगी गाडीला केंद्राच्या 2021 च्या नियमात कमाल 25 टक्के, प्रत्यक्ष किती ते राज्य ठरवतं, तेव्हा शोरूममध्ये बिल होण्याआधीच दाखवा. भाव वजनावर लागतो आणि ही गाडी भरते साडेसहाशे किलोच्या आसपास, त्यामुळे आकडा ऐकून वाईट वाटून घेऊ नका. चाकं, बॅटरी आधीच काढून विकलीत तर तेवढे पैसे कापतात.

आठवण म्हणून मागच्या दारावरचं '800' काढून ठेवायचं असेल तर हेअर ड्रायरने गरम करा आणि मागून नायलॉनचा दोरा करवतीसारखा सरकवा. पिनांवर बसलेलं असेल तर आतून पिना दाबा. स्क्रूड्रायव्हरने उचकटलंत की प्लॅस्टिक तुटलंच म्हणून समजा.

नवी कोणती? आई बरोबर असणार असतील तर वॅगनआर, बसायला-उतरायला सीटची उंची सोयीची. फक्त दोघांसाठी असेल तर ऑल्टो के10. बाकी रंग-मॉडेल घरात ठरवा. विम्याचा एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) विचाराल, तर फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असलेल्या गाडीला तो नसतोच. फुल इन्शुरन्स असेल आणि गाडी वारस म्हणून तुमच्या नावावर झाली तर कंपनीकडे विचारा.

हे सगळं महाराष्ट्राच्या पासिंगचं झालं. दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीचे नियम वेगळे आणि कडक आहेत. आणि मेहुणे, तुमच्या अंगणातल्या फियाटलाही यातलं सगळं लागू आहे, मॅटिंग उचलून बघा.