घरचे सीसीटीव्ही कॅमेरे वायफायवर मोबाइलमध्ये दिसतात, पण बाहेर पडलं की ‘डिव्हाइस ऑफलाइन’ येतं. पोर्ट फॉरवर्डिंग करूनही उपयोग नाही. काय करावं?

पोर्ट फॉरवर्डिंगचा, म्हणजे बाहेरून थेट घरच्या उपकरणापर्यंत यायला राउटरमध्ये वाट उघडण्याचा, नाद सोडून द्या. ते चालत नाही याचं कारण बहुधा तुमच्या सेटिंगमध्ये नाहीच, आणि चाललं असतं तरी मी ते बंद करायलाच सांगितलं असतं.

आधी राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे इंटरनेट कंपनीकडून राउटरला मिळालेला पत्ता, बघा. तो 10 ने किंवा 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुमचं कनेक्शन सीजीनॅटच्या मागे असणार. आयपीव्ही4 या जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते सगळे मिळून 430 कोटींच्या आसपास. ते पुरत नाहीत म्हणून इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात, तेच सीजीनॅट. 100.64 पासूनचे पत्ते 2012 मध्ये याच कामासाठी राखून ठेवले गेले. बाहेरून आलेली विनंती कंपनीच्या यंत्रापाशीच अडते, त्यामुळे तुम्ही घरच्या राउटरवर कितीही पोर्ट उघडलेत तरी फरक पडत नाही. वॅन आयपी 192.168 ने सुरू होत असेल तर तुमच्या राउटरच्या आधी आणखी एक राउटर बसलेला आहे, परिणाम तोच.

यावरचा सोपा मार्ग डीव्हीआरमध्येच (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) असतो, पीटूपी. यात डीव्हीआर स्वतःहून तो बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरशी जोडून राहतो, मोबाइलमधलं ॲपही तिथेच पोचतं आणि सर्व्हर सिरियल नंबरवरून दोघांची गाठ घालून देतो. जोडणी आतून बाहेर जाते, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. डीव्हीआरला टीव्ही किंवा मॉनिटर लावा, नेटवर्कच्या मेनूत पीटूपी किंवा क्लाउड चालू करा आणि त्याच पानावरचा स्टेटस वाचा. ‘ऑनलाइन’ दिसलं की क्यूआर कोड ॲपने स्कॅन करायचा, झालं.

बहुतेकांची गाडी अडते ती हा स्टेटस ‘ऑफलाइन’ राहिल्यामुळे. डीव्हीआरला हाताने आयपी दिलेला असतो, पण गेटवे (बाहेर जायच्या वाटेचा पत्ता) जुन्या राउटरचाच राहिलेला असतो, किंवा डीएनएसचा (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) रकाना रिकामा असतो. घरातल्या घरात यातलं काहीच लागत नाही, म्हणून वायफायवर सगळं छान दिसतं आणि दोष लक्षात येत नाही. गेटवेच्या जागी राउटरचा आयपी घाला, डीएनएसमध्ये 8.8.8.8 किंवा 1.1.1.1 द्या. डीव्हीआरचं घड्याळही बरोबर लावा. तारीख भलतीच असली की सुरक्षित जोडणी नाकारली जाऊ शकते, आणि उद्या रेकॉर्डिंग पुरावा म्हणून द्यायची वेळ आली तर चुकीची वेळ फार त्रास देते. मग मोबाइलचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तपासा, नाहीतर ती तपासणीच नव्हे.

चित्र दिसतंय पण अडकतंय, असं झालं तर अपलोडचा वेग बघा. आपण सगळे डाउनलोडचा आकडा बघून कनेक्शन घेतो, पण इथे चित्र घरातून बाहेर जातं. 1080पी चा मेन स्ट्रीम, म्हणजे पूर्ण स्पष्ट चित्र, साधारण 4 एमबीपीएस मागतो, म्हणजे चार कॅमेरे एकदम उघडले की 16. मोबाइलच्या छोट्या पडद्याला सब स्ट्रीम, म्हणजे त्याच कॅमेऱ्याचं हलकं चित्र, पुरतो, त्याचं काम 512 केबीपीएसमध्ये भागतं. रेकॉर्डिंग मात्र मेन स्ट्रीमवरच ठेवा.

आता पोर्ट उघडू नका असं का म्हणतो ते. उघडलेलं पोर्ट म्हणजे तुमच्या डीव्हीआरचं लॉगिन साऱ्या जगासमोर. 2016 मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने कंपनीकडून आलेल्या साठेक ठरावीक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या वापरून असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. 21 ऑक्टोबरला डाइन (Dyn) या डीएनएस कंपनीवर जो हल्ला झाला, त्यात हीच उपकरणं वापरली गेली आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स अनेकांना उघडेनात. 80 ऐवजी 8080 केलं म्हणून कोणी फसत नाही. पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम सगळेच आकडे चाचपतात. केलेले फॉरवर्डिंगचे नियम काढून टाका, राउटरमधलं यूपीएनपी (उपकरणांना परस्पर पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा, डीव्हीआरचा पासवर्ड बदला आणि फर्मवेअर अपडेट करा.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. ज्यांनी कॅमेरे बसवले त्यांनी डीव्हीआर स्वतःच्याच ॲप खात्यात जोडून तुम्हाला नुसता ‘शेअर’ केलेला नाही ना, हे तपासा. तसं असेल तर तुमच्या घराचं चित्र त्यांच्या मोबाइलवर कधीही उघडतं. तिथून काढायला लावा आणि तुमच्या खात्यात नव्याने जोडा. घरातल्या बाकीच्यांना फक्त लाइव्ह बघता येईल असा वेगळा युजर द्या, ॲडमिन कोणाच्याही मोबाइलमध्ये नको.

कंपनीच्या सर्व्हरवर भरवसा नसेल तर व्हीपीएन, म्हणजे मोबाइलपासून घरापर्यंतची खासगी जोडणी, करा. सार्वजनिक आयपी असेल आणि राउटरमध्ये सोय असेल तर वायरगार्ड. सीजीनॅट असेल तर सतत चालू राहणाऱ्या एखाद्या छोट्या संगणकावर टेलस्केल. मला स्वतःला हाच मार्ग सर्वांत पटतो, पण घरात हे सांभाळणारं कोणी हवं. नसेल तर चांगला पासवर्ड लावलेलं पीटूपी पुरे. झोपायच्या खोलीत कॅमेरा असेल तर तो मात्र इंटरनेटला जोडूच नका.

एवढं करूनही ऑफलाइन राहिलं तर पीटूपीच्या पानावर नेमकं काय लिहून येतं आणि वॅन आयपीचे फक्त पहिले दोन आकडे इथे कळवा. पूर्ण आयपी, सिरियल नंबर किंवा क्यूआर कोडचा फोटो टाकू नका.