हिरडीत खोचायचा दोरा: मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: दंतवैद्यांकडे रुग्णांना द्यायच्या माहितीपत्रकाचा मराठी मजकूर करते आहे. कॅपसाठी माप घेण्याआधी हिरडीत ‘रिट्रॅक्शन कॉर्ड’ घालतात, त्याला ‘हिरडी-आकुंचन रज्जू’ म्हटले तर चालेल का?

नको. ‘रज्जू’ जड आहेच, पण खरी अडचण ‘आकुंचन’ची आहे. दात घासून कमी केला की त्याची कड बरेचदा हिरडीच्या काठाशी किंवा किंचित खाली येते. मापाचा पातळ मसाला त्या कडेपर्यंत पोचला नाही, तर कॅप तिथे नीट टेकत नाही. म्हणून दात आणि हिरडी यांमधल्या खाचेत दोरा खोचून काही मिनिटे ठेवतात. हिरडी बाजूला सरते, कड उघडी पडते आणि साधारण ०.२ मिमी जागा मिळते. त्याहून कमी जागेत शिरलेला मसाला फार पातळ राहतो आणि माप काढताना फाटू शकतो. म्हणजे दोऱ्याचे मुख्य काम हिरडी सारण्याचे. इंग्रजी पाठ्यपुस्तकांतही आता ‘रिट्रॅक्शन’ (मागे ओढणे) ऐवजी ‘डिस्प्लेसमेंट’ (जागेवरून सारणे) पुष्कळदा दिसते, ते याचसाठी.

‘हिरडी मागे सरकवणे’ही मी टाळेन. ‘हिरड्या मागे सरकल्या’ म्हटले की आपल्याकडे दातांची मुळे उघडी पडण्याचा विकार डोळ्यांसमोर येतो. रुग्ण उगाच धास्तावेल. ‘बाजूला सारणे’ मात्र निर्धोक आहे. सारलेली वस्तू पुन्हा जागेवर येते, आणि दोरा काढल्यावर हिरडीही येते.

आता नाम. ‘धागा’ म्हटले की लोकांना दातांच्या फटी साफ करायचा धागा आठवतो. ‘दोरी’ फार जाड. ‘दोरा’ बरोबर बसतो. फक्त टाक्यांचा दोराही तोंडात असू शकतो, म्हणून पहिल्यांदा ‘हिरडी सारण्याचा दोरा’ असे पूर्ण लिहावे, पुढे नुसते ‘दोरा’. हा दोरा बहुधा सुती असतो. कधी पिळाचा, कधी गोफासारखा गुंफलेला, कधी विणलेला. जाडीप्रमाणे ०००, ००, ०, १, २ असे क्रमांक असतात, शून्ये जितकी जास्त तितका दोरा बारीक. बोथट टोकाच्या हत्याराने तो दाताभोवती थोडाथोडा दाबत नेतात, म्हणून क्रियापद ‘घालणे’ किंवा ‘भरणे’ नको, ‘खोचणे’ हवे. पदर खोचतात तसाच हा खोचायचा असतो: कड आत, पण सहज निघेल असा.

दात आणि हिरडी यांमधल्या त्या जागेला इंग्रजीत ‘सल्कस’ म्हणतात, त्याला ‘खाच’ पुरे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ नांगराची सरी. शब्द सुंदर आहे, पण पत्रकात ‘हिरडीची सरी’ कुणाला कळणार नाही.

‘आकुंचन’ सुचले कशावरून, तेही लक्षात येते. पुष्कळदा दोरा अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडच्या द्रावणात भिजवतात. त्याने हिरडी आवळते आणि रक्त थांबते. दाढी करताना कापले की तुरटी फिरवतात, तोच गुण. तुरटीतही अ‍ॅल्युमिनियमच आहे. पत्रकात इथे ‘आवळते’ लिहा आणि ‘तोंडाला तुरट लागेल’ हेही सांगा. काही दोऱ्यांना अ‍ॅड्रेनलिन लावलेले असते, आणि त्याने हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढू शकतो, त्यामुळे ‘हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असल्यास आधी सांगा’ ही ओळ गाळू नका.

‘माप’ तसेच ठेवा. काटेकोर अर्थाने तो ठसा आहे, पण कवळीचे असो की कॅपचे, लोक ‘माप द्यायला’च जातात.

सलग मजकूर असा करता येईल: ‘माप घेण्याआधी दाताभोवतीच्या खाचेत एक बारीक दोरा खोचतात. त्यामुळे हिरडी थोडा वेळ बाजूला सरते आणि दाताची कड मापात स्पष्ट उमटते. दाब जाणवेल, चव तुरट लागेल. कधी दोन दोरे वापरतात: वरचा मापाआधी काढतात, खालचा माप झाल्यावर. दोरा सुकला असेल तर ओला करूनच काढतात, म्हणजे हिरडी सोलवटत नाही.’