क्लिकर प्रकारचा अ‍ॅक्शन गेम घ्यावा का? तुमची कधी निराशा झाली आहे का?

तुम्ही लिहिलंय की एका गेमची जाहिरात पाहिलीत, त्यात लढाई जोरदार दिसते, पण गेम क्लिकर प्रकारात मोडतो, म्हणजे टॅप करत राहून आकडे वाढवत न्यायचे. तर तो घ्यावा का, आणि असल्या गेमने कुणाची निराशा झाली आहे का. माझी झाली आहे, आणि चांगलीच झाली आहे. मी खेळलेल्या गेमचं नाव देत नाही. तसल्या गेमचा सुळसुळाट आहे, त्यामुळे एक नाव कळून तुमचं काम भागणार नाही. तो ओळखायचा कसा, हे सांगते.

आधी एक स्पष्ट करते: स्क्रीनवर नुसतं टॅप करत राहण्याला माझा आक्षेप नाही. २०१३ साली आलेला ‘कुकी क्लिकर’ मला आजही आवडतो. मोठ्या बिस्किटावर क्लिक करायचं, बिस्किटं जमवायची, त्यातून आपोआप क्लिक करणारे कर्सर घ्यायचे, मग बिस्किटं भाजणाऱ्या आज्या, मग शेतं, कारखाने. एवढाच कारभार. पण आधी काय घ्यावं आणि कशासाठी दम धरावा, हे ठरवण्यात खरंच डोकं लागतं. शिवाय तो गेम स्वतःबद्दल काही वेगळं भासवत नाही.

मी खेळले त्या गेमने मात्र लढाईचं आमिष दाखवलं होतं. डावीकडे तलवार घेतलेली नायिका, उजवीकडून एकामागून एक येणारे राक्षस. टॅप केलं की वार, बोट बाजूला सरकवलं की ती कोलांटी मारून फटका चुकवणार. दर पाचव्या टप्प्यावर बॉस, म्हणजे इतरांहून तगडा राक्षस, आणि त्याला पाडायला ३० सेकंद. ही चौकट जुनीच आहे, २०१४ च्या ‘क्लिकर हिरोज’मध्येही ती आहे. पण तिथे चुकवणं-बिकवणं काही नाही, आकडे वाढवणं हाच खेळ आहे आणि ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

सुरुवात झकास झाली. वार बसला की फोन थरथरायचा, राक्षसाच्या अंगातून पिवळे आकडे उसळायचे, नाण्यांचा खळखळाट व्हायचा. पहिले काही बॉस चुटकीसरशी आडवे झाले. मग आला हातोडेवाला. तो हातोडा उचलायचा तेव्हा नायिकेच्या पायाखाली लाल वर्तुळ उमटायचं आणि ते कडेपर्यंत भरलं की फटका बसायचा. वर्तुळ भरता भरता बोट सरकवायचं, हे जमायला थोडा सराव लागला. जमलं तेव्हा मी एकही फटका न खाता पूर्ण लढाई खेळले. वेळ संपली, आणि बॉसची उरलेली ताकद दाखवणारी पट्टी नखभर शिल्लक राहिली. पुन्हा खेळले, जास्त सफाईने. पुन्हा तेवढीच पट्टी शिल्लक.

तेव्हा शंका आली. मागच्या टप्प्यावर जाऊन थोडं सोनं जमवलं, तलवार एका पायरीने वाढवली आणि या खेपेला मुद्दाम काहीच चुकवलं नाही. फोन टेबलावर ठेवला आणि एका बोटाने टॅप करत राहिले. दर वेळी हातोडा नायिकेच्या डोक्यात बसत होता, तिची पट्टी अर्ध्यावर येत होती आणि पुढचा फटका यायच्या आत आपोआप भरत होती. बॉस वेळेआधीच कोसळला.

म्हणजे चुकवण्याला हिशेबात जागाच नव्हती. सेकंदाला होणारी इजा गुणिले तीस, एवढी रक्कम बॉसच्या ताकदीपेक्षा जास्त आली की तुम्ही जिंकलात. निकाल लढाईच्या आधीच लागलेला असायचा. ते लाल वर्तुळ, ती कोलांटी, सगळी सजावट. खेळणाऱ्याने जीव तोडून एखादी हातोटी शिकावी आणि तिचा काडीचाही उपयोग नसावा, ही मला सरळ सरळ फसवणूक वाटते. अ‍ॅक्शन गेममध्ये हरण्याचंही काही वाटत नाही, कारण पुढच्या वेळी हात सुधारणार असतो. इथे हात सुधारायला वावच नव्हता.

आता घोडं नेमकं कुठे पेंड खातं ते पाहा. क्लिकर गेममध्ये वस्तूंची किंमत चक्रवाढीने चढते. ‘कुकी क्लिकर’मध्ये प्रत्येक खरेदीनंतर त्या वस्तूची किंमत १५ टक्क्यांनी वाढते. पहिला कर्सर १५ बिस्किटांना पडतो. पाच खरेद्यांत किंमत दुप्पट होते आणि पन्नास कर्सर घेतल्यावर पुढचा १६ हजारांच्या वर जातो. प्रत्येक नव्या कर्सरमुळे कमाईत पडणारी भर मात्र पहिल्याइतकीच. त्यामुळे कधी ना कधी भिंत येतेच, ती टळत नाही. त्या भिंतीशी गेम तुम्हाला काय करायला लावतो, यावर सगळं अवलंबून आहे. २०१७ मधला फ्रँक लान्ट्झ यांचा ‘युनिव्हर्सल पेपरक्लिप्स’ घ्या. सुरुवातीला कागदाच्या क्लिपा बनवून विकायच्या, दर कमी-जास्त करायचा. तिथे अडलात की खेळाचे नियमच बदलतात, नवीन विचार करावा लागतो. आणि त्या गेमला शेवट आहे! या प्रकारात ही फार मोठी गोष्ट आहे.

माझ्या गेममध्ये भिंतीशी आलं की एक चौकट उघडायची: जाहिरात पाहा आणि दुप्पट इजा मिळवा. जाहिरात साधारण बॉसच्या लढाईइतकीच लांब. पुढे पुढे लढाईपेक्षा जाहिरातीच जास्त वेळ दिसायला लागल्या. नको असेल तर खरे पैसे मोजून गेममधले हिरे विकत घ्या. त्याहून पुढे गेलात की ‘पुनर्जन्म’: सगळी तलवारबाजी शून्यावर, बदल्यात कायमची थोडी वाढीव ताकद, आणि पुन्हा तेच जंगल, तेच राक्षस. पुनर्जन्माची कल्पना वाईट नाही, चांगल्या क्लिकर गेममध्येही ती असते. पण तिथे दुसऱ्या फेरीत काहीतरी नवं उघडतं. इथे फक्त आकड्यांमागची शून्यं वाढली. आणि सकाळी गेम उघडला की रात्रभरात आपोआप जमलेलं सोनं आदल्या संध्याकाळी खेळून मिळवलेल्यापेक्षा जास्त भरायचं. खेळण्यापेक्षा न खेळण्यात फायदा, मग बोटं कशाला दुखवायची?

मोफत गेमला पैसे कुठून तरी मिळवावेच लागतात, हे मला मान्य आहे. पण ‘क्लिकर हिरोज’ बनवणाऱ्या प्लेसॉरस कंपनीने २०१७ मध्ये जाहीर केलं होतं की पुढचा भाग आधी एकदाच पैसे घेऊन विकू, आत खरेदी ठेवणार नाही. काही खेळाडू हजारो डॉलर घालवतात आणि व्यसनात अडकलेल्यांकडून असा पैसा घेणं पटत नाही, असं त्यांनी उघड लिहिलं. त्यांच्याबद्दल मला त्यासाठी आदर आहे.

तुम्हाला आकड्यांपेक्षा लढाईच हवी असेल, आणि बोटांना फार काम नको असेल, तर ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ खेळून पाहा. २०२२ मध्ये तो पूर्ण रूपात आला. त्यात वार आपोआप होतात, तुम्ही फक्त हलायचं. पण ते हलणंच सगळं आहे: चुकीच्या बाजूला गेलात की गर्दीत सापडून संपलात. माझ्या गेमच्या बरोबर उलट.

तरीही जाहिरातीतला तो गेम घ्यावासा वाटत असेल तर घ्या, पण हिरे घेण्याआधी एक चाचणी करा. जरा दमवणारा पहिला बॉस आला की एकदा सगळे फटके चुकवत खेळा आणि एकदा जागचं न हलता. बॉसची पट्टी दोन्ही वेळा तेवढीच उतरली आणि फटके खाऊनही तुमचं काही बिघडलं नाही, तर लढाई फक्त दाखवण्यापुरती आहे. काही गेम सुरुवातीलाच ‘व्हीआयपी’ म्हणून आठवड्याची वर्गणी चालू करायला लावतात, पहिले काही दिवस मोफत म्हणून. ती घेतली असेल तर गेम नुसता फोनवरून काढू नका. अ‍ॅप काढल्याने वर्गणी बंद होत नाही. अ‍ॅप स्टोअर किंवा प्ले स्टोअरमध्ये सबस्क्रिप्शनच्या यादीत जाऊन ती वेगळी रद्द करावी लागते.