देश धर्मनिरपेक्ष असेल तर सरकार देवळाच्या कारभारात हात कसा घालतं?

धर्मनिरपेक्ष सरकारने देवळाच्या उंबऱ्याआत पाऊलच टाकू नये, असं तुम्ही गृहीत धरलंय. आपल्या घटनेत मात्र तसं कुठेही लिहिलेलं नाही.

कलम २५ काढून वाचा. धर्म मानण्याचा, आचरण्याचा, त्याचा प्रसार करण्याचा हक्क त्यात आहेच, पण तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांच्या अधीन राहून. लगेच पुढच्या पोटकलमात धर्माला चिकटलेल्या आर्थिक व्यवहारांवर नियंत्रण ठेवण्याची आणि हिंदूंची सार्वजनिक मंदिरं सर्व थरांतल्या हिंदूंना खुली करण्याची मुभा कायदेमंडळाला दिली आहे. काळारामासाठी सत्याग्रह झाला, १९४७ साली पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी साने गुरुजी उपोषणाला बसले. त्या पिढीने घटना लिहिताना ही मुभा ठेवली नसती तरच नवल.

मी वकील आहे, विश्वस्त संस्थांची कामं करतो. चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलले की द्यावी लागणारी नोंद), हिशोबपत्रकं, विश्वस्तांची भांडणं, रोज हेच. त्यामुळे पूजा आणि पैसा यांतली रेघ मला पुस्तकी वाटत नाही. महाराष्ट्राचा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० सालचा, आणि त्याच्या व्याख्येत देवळाबरोबर मठ, चर्च, सिनेगॉग, अग्यारी सगळे येतात. त्याला रतिलाल गांधी खटल्यात आव्हान मिळालं. १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा बहुतांशी ठेवला, पण धर्मादाय आयुक्तालाच, म्हणजे विश्वस्त संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यालाच, धार्मिक संस्थेचा विश्वस्त नेमण्याची सोय उडवली. म्हणजे हिशोब मागा, पण गादीवर बसू नका. याहून स्वच्छ उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

घोळ झाला तो दुसरीकडे. त्याच वर्षीच्या, उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यापासून कोर्ट तपासू लागलं, की एखादी प्रथा त्या धर्माचा आवश्यक भाग आहे का. न्यायाधीशाला पोथ्या उघडून बसावं लागलं. १९६२ मध्ये बहिष्कारबंदीचा मुंबईचा १९४९ चा कायदा दाऊदी बोहरांच्या खटल्यात रद्द झाला, कारण धर्मगुरूंचा बहिष्काराचा अधिकार हा धर्माचा भाग ठरला. वाळीत टाकलेल्या माणसाचं धर्मस्वातंत्र्य कुठे गेलं? सरन्यायाधीश सिन्हांनी वेगळं मत नोंदवलं होतं आणि मला तेच पटतं.

उलट शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाऊ देण्याचं प्रकरण पाहा. २०१६ मध्ये विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेत मुंबई हायकोर्टापुढे १९५६ चा मंदिरप्रवेशाचा साधा कायदा होता. पुरुष जिथे जातात तिथे बाईला अडवता येणार नाही, एवढं पुरलं. शनिमाहात्म्य वाचायची वेळ कोणावर आली नाही.

आता तुमच्या तक्रारीतला खरा भाग. तमिळनाडूत हिंदू मंदिरांसाठी सरकारचं वेगळं खातं आहे. आपल्याकडेही पंढरपूर (१९७३), सिद्धिविनायक (१९८०), शिर्डी (२००४) यांना एकेक स्वतंत्र कायदा आहे आणि त्या व्यवस्थापन समित्या सरकार नेमतं. पंढरपुरात बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपले याचं मला वाईट वाटत नाही. पण सत्ता बदलली की समितीत आपली माणसं बसवायची, याला सुधारणा म्हणवत नाही. भांडायचं तर इथे भांडा, आणि कलम २६ घेऊन भांडा. संप्रदायाला आपल्या धार्मिक बाबी आपण पाहण्याचा आणि मालमत्तेचा कारभार कायद्यानुसार करण्याचा हक्क तिथे आहे. फक्त आपलं देवस्थान स्वतंत्र संप्रदायाचं आहे, हे आधी सिद्ध करावं लागतं, आणि बहुतेक याचिका तिथेच अडखळतात.