‘अध्यक्षांची मुलगी आहे ना, मग तिलाच मिळणार’

जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीत शिकणाऱ्या मुलीची आई समुपदेशनाला आली ती शाळा बदलायची, असं जवळपास ठरवूनच. मुलगी वर्गात हात वर करेनाशी झाली होती आणि सकाळी पोट दुखतं म्हणायची. आईच्या लेखी कारण स्पष्ट होतं. २६ जानेवारीचं भाषण, स्नेहसंमेलनातली मुख्य भूमिका, वर्गाचं मॉनिटरपद, सगळं शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांच्या मुलीकडे. ‘आमचा कोणी वशिला नाही, मग आमच्या पोरीनं करायचं काय?’ हा प्रश्न पालक वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. (ओळख पटू नये म्हणून इथले तपशील बदलले आहेत.)

पहिल्या भेटीत आईला एकच काम दिलं: चार आठवडे एक वही ठेवायची. पानावर चार रकाने. तारीख आणि काय घडलं. ते कोणी पाहिलं. मुलगी काय म्हणाली, तिच्याच शब्दांत. आणि शेवटी, मला काय वाटलं. चौथा रकाना वेगळा ठेवण्यावरच सगळी मदार असते, कारण घरात बोलताना घडलेलं आणि वाटलेलं यांची खिचडी झालेली असते. चार आठवड्यांनी वहीत अकरा नोंदी होत्या. त्यातल्या चार नोंदींत पहिला रकाना कोराच राहिला होता, फक्त चौथा भरलेला.

श्रेणीबद्दलचा संशय त्या चारांतलाच. सहावीला आकारिक मूल्यमापनाला ५० टक्के आणि संकलित मूल्यमापनाला, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेला, ५० टक्के भार असतो. तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम, स्वाध्याय, रोजचं निरीक्षण हे आकारिकमध्ये येतं आणि ते बरंचसं शिक्षकांच्या हातात असल्यामुळे पालकांना शंका येते ती इथेच. अशा वेळी ‘मार्क कमी का?’ असं न विचारता ‘कोणत्या साधनाला किती गुण ठेवले होते आणि तिला कशात किती मिळाले?’ असं विचारावं. शिक्षकांच्या नोंदी पाहिल्यावर कळलं की मुलीचे दोन प्रकल्प जमाच झाले नव्हते. निवडीबद्दलची तक्रार मात्र खरी निघाली. कोणत्याही कार्यक्रमासाठी वर्गात चाचणी झालेली नव्हती, नाव थेट जाहीर व्हायचं.

घरातही एक गोष्ट बदलावी लागली. मुलगी दारात पाऊल ठेवते न ठेवते तोच आई विचारायची, ‘आज कोणाला दिलं?’ गाऱ्हाणं आणलं की आईचं पूर्ण लक्ष मिळतं, हे मूल पंधरा दिवसांत शिकतं, आणि मग रोज गाऱ्हाणं सापडतंच. तो प्रश्न बंद केला. अर्ध्या तासानं, हातातलं काम बाजूला ठेवून दहा मिनिटं बोलायचं आणि शाळेचा विषय तिनंच काढायचा. तिनं काढला तर ‘तुला वाईट वाटलं असणार’ एवढं म्हणायचं. ‘आपण साधी माणसं, म्हणून’ हे वाक्य घरात उच्चारायचं नाही. अध्यक्षांच्या मुलीबद्दल तर अवाक्षर नको. ती त्याच वर्गात बसणारी अकरा-बारा वर्षांची पोर आहे.

दरम्यान एक वेगळीच गोष्ट पुढे आली. मुलीच्या मामाची पंचायत समितीत ओळख होती आणि आईनं त्यांना फोन करून ठेवला होता. मुलीनं ते ऐकलं होतं. ‘मामा सांगेल मग मला मिळेल ना?’ असं तिनं विचारलं. म्हणजे वशिल्याबद्दल तिची तक्रार नव्हती, आपला वशिला कमी पडतो एवढंच तिला उमगलं होतं. मामांचा फोन थांबवायला आईला दोन भेटी लागल्या.

वर्गशिक्षिकेची भेट फाटकाशी उभ्या-उभ्या घ्यायची नाही. आदल्या दिवशी वेळ मागून, शाळा सुटल्यावर पंधरा मिनिटं, सोबत दुसरे पालक न नेता. वाक्यं आधी लिहून, म्हणून पाहिली होती: ‘बाई, कार्यक्रमासाठी मुलं कशी निवडता? निकष वर्गात आधी सांगता येतील का? पुढच्या वेळी इच्छा असलेल्या सगळ्यांचं वाचन घेता येईल का?’ स्वतःच्या मुलीसाठी काही मागायचं नाही. ‘तिला एक संधी द्या’ म्हटलं की तीही एक शिफारसच होते, आणि शिक्षक ती तशीच मोजतात.

शिक्षकांची अडचणही समजून घ्यावी. समितीच्या बँक खात्यावर अध्यक्ष आणि मुख्याध्यापक दोघांच्या सह्या लागतात. अध्यक्षांशी बिनसलं तर खडूपासून दुरुस्तीपर्यंत सगळं अडतं. बहुतेकदा कोणी दबाव आणतही नाही. न सांगताच झुकतं माप दिलं जातं. शिवाय ती मुलगी भाषण घरून पाठ करून येते, तयारीचा वेळ वाचतो, असं बाईंनी सांगितलं. तेही खोटं नव्हतं.

ठरलं ते साधंच होतं. परिपाठाचं सूत्रसंचालन हजेरी क्रमांकानं. भाषणासाठी इच्छुक मुलांनी एकच उतारा दोन मिनिटं वाचायचा, दोन शिक्षकांनी एकमेकांना न विचारता गुण द्यायचे.

बाईंनी नकार दिला असता तर पुढची पायरी म्हणजे मुख्याध्यापकांना लेखी अर्ज, आपल्या प्रतीवर पोच घेऊन. मग निवडीची पद्धत हा विषय समितीच्या सभेत मांडणं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला, त्यामुळे एकट्या अध्यक्षांची समिती असा समज करून घेऊ नये. त्यानंतर केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी. याच कायद्याच्या कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा लागतो, आणि त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. व्हॉट्सअ‍ॅप गटावर आधी लिहिलं की या सगळ्या पायऱ्या निसरड्या होतात. शिक्षक बचावात जातात आणि मुलगी ‘तक्रारवाल्यांची’ ठरते. मारहाण, जातीवरून टोमणे किंवा पैशांची मागणी असेल तर मात्र वहीबिही ठेवत बसू नये, त्याच दिवशी लेखी द्यावं.

परिपाठाचा मुलीचा नंबर तिसऱ्या आठवड्यात आला. घाईघाईनं बोलली, सुविचार विसरली, पण पोटदुखी त्या महिन्यात दोनदाच झाली. १५ ऑगस्टच्या भाषणासाठी सात मुलांनी वाचन केलं आणि निवड अध्यक्षांच्याच मुलीची झाली. संध्याकाळी आईचा फोन आला, आवाज चढलेला. मागून मुलीचा आवाज ऐकू येत होता, ‘अगं आई, तिचं खरंच छान झालं. मी तिसरी आले.’