पीसीओएस आहे, हनुवटीवर राठ केस येतात, तीन महिन्यांवर लग्न आहे. लेझर करावं का आणि काय अपेक्षा ठेवावी?

क्लिनिकवाल्यांनी तुम्हाला सहा सिटिंगमध्ये केस कायमचे जातील असं सांगितलं असेल, तर ते आधी मनातून काढून टाका. मीही पीसीओएसमुळे, म्हणजे हॉर्मोनच्या बिघाडामुळे, हनुवटीवरच लेझर करून घेतलंय. केस खूप कमी झाले, उरलेले बारीक झाले, रोज सकाळी आरशासमोर चिमटा घेऊन उभं राहणं सुटलं. पण मेंटेनन्सचं सिटिंग अधूनमधून लागतंच. काखेत, पोटऱ्यांवर फरक वर्षानुवर्षं टिकतो. हनुवटीचं तसं नाही. तिथे हॉर्मोन रोज नवी लव राठ करत असतात, आणि लेझर फक्त आज असलेल्या केसाचं मूळ जाळतं. म्हणून पाळीची आणि हॉर्मोनची ट्रीटमेंट सोबत चालू हवी, नाहीतर पॅकेजवर पॅकेज घेत राहाल.

लेझर केसातला काळा रंग, म्हणजे मेलॅनिन, पकडतं आणि त्या उष्णतेने मूळ जळतं. पांढऱ्या केसांवर ते चालत नाही. शिवाय वाढीच्या अवस्थेत असलेलेच केस सापडतात, म्हणून चेहऱ्याला चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने सिटिंग्ज लागतात. तीन महिन्यांत तुमची दोन-तीनच होतील.

आपल्या सावळ्या त्वचेतही मेलॅनिन भरपूर असतं, आणि खरी काळजी इथेच घ्यायची. मशीन कोणतं ते स्पष्ट विचारा. गडद त्वचेला 1064 नॅनोमीटर तरंगलांबीचं एनडी-याग लेझर सगळ्यात सुरक्षित मानतात, योग्य सेटिंगवर डायोडही चालतं. 755 चं अलेक्झांड्राइट असेल तर भाजण्याचा, डाग पडण्याचा धोका जास्त. आधी जबड्याखाली छोटा टेस्ट पॅच घ्यायला लावा, आणि सिटिंग त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करा. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर तेही त्यांना सांगा.

प्रत्यक्षात डोळ्यांवर गॉगल, त्वचेवर थंडगार जेल, आणि मग ताणलेलं रबरबँड फटकन सुटावं तसे चटके. हनुवटीवर सहन होतात, अप्परलिपला मात्र डोळ्यांतून पाणी येतं. जळक्या केसांचा वास येतो, त्याने घाबरू नका. नंतर प्रत्येक केसाभोवती बारीक लाल पुटकुळी उठते, ती बहुतेक संध्याकाळपर्यंत किंवा दुसऱ्या दिवशी बसते. फोड आला किंवा त्वचा काळवंडली तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा. आठवड्या-दोन आठवड्यांनी केस पुन्हा वाढताहेत असं वाटेल. ते जळलेले केस बाहेर पडत असतात, तोंड पुसताना टॉवेलला लागून येतात. उपटू नका.

पॅकेज विकताना एक गोष्ट सहसा सांगत नाहीत. गालावरच्या मऊ लवेवर लेझर मारलं तर काहींची लव उलट दाट होते. आपल्यासारख्या रंगाच्या, पीसीओएस असलेल्या बायकांमध्ये हे जास्त दिसतं. ‘फुल फेस स्वस्तात देतो’ म्हणाले तरी फक्त राठ केसांच्या जागेवरच करा.

सुरू करण्याआधी चार आठवडे आणि मधल्या काळात थ्रेडिंग, वॅक्सिंग बंद, कारण मूळच उपटलं तर लेझर पकडणार काय? रेझर चालतो. त्याने केस दाट होतात असं घरचे म्हणतील, पण ब्लेड मुळापर्यंत जातच नाही. उन्हात जाताना सनस्क्रीन लावा. आणि शेवटचं सिटिंग हळदीच्या किमान तीन आठवडे आधी उरका.