राज्य स्पर्धेत सुवर्ण आहे, मग हार्वर्ड मिळेल का?

ठाण्यात घोडबंदर रोडला राहणारं कुटुंब सल्ल्यासाठी आलं होतं. मुलगी नुकतीच अकरावीत गेलेली. दहावीला ९५ टक्के, १०० मीटर बटरफ्लायमध्ये राज्य स्पर्धेत सुवर्ण, ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धेत पाचवी. एवढ्या पदकांवर हार्वर्ड किंवा स्टॅनफर्ड मिळायला हरकत नाही, असं वडिलांचं मत. आईचा सूर नेमका उलटा: "सर, आता दोन वर्षं पोहणं बंद करून हिला एसएटीच्या मागे लावू का?" (एसएटी ही अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाची परीक्षा.) त्यात एका एजंटने 'स्पोर्ट्स प्रोफाइल' करून देण्याचे अडीच लाख सांगितले होते आणि पहिला हप्ता त्याच आठवड्यात द्यायचा होता.

वडिलांच्या आशेचं मूळ एका आकड्यात होतं. हार्वर्डच्या प्रवेशांवरून जो खटला चालला, त्याची सुनावणी २०१८ साली झाली आणि विद्यापीठाची आतली आकडेवारी बाहेर आली. निवडलेल्या खेळाडूंपैकी जवळपास ८६ टक्के जणांना प्रवेश मिळाला होता, इतरांमध्ये हेच प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास. आकडा खरा आहे, पण त्यातला 'निवडलेल्या' हा शब्द पालकांच्या नजरेतून हमखास सुटतो. ही निवड प्रशिक्षक करतो, आणि ती अर्ज भरण्याच्या कितीतरी आधी झालेली असते. ज्यांचे गुण चालणार नाहीत त्यांना तो उन्हाळ्यातच 'नाही' सांगून मोकळा होतो. म्हणजे गाळणी आधीच लागलेली असते, ८६ टक्के हे त्यातून खाली उतरलेल्यांपैकी प्रवेश मिळालेल्यांचं प्रमाण. प्रशिक्षकाच्या यादीत नाव नसलेली राज्य विजेती त्या सहा टक्क्यांच्या रांगेत उभी असते.

त्यामुळे पहिलं काम पदकांची फाइल मिटवणं आणि शर्यतीतली वेळ बघणं. प्रशिक्षकाला महाराष्ट्रात कितवा नंबर आला याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. आपल्या संघाला ही मुलगी कॉन्फरन्स स्पर्धेत, म्हणजे कॉलेजांच्या एका गटातल्या स्पर्धेत, गुण मिळवून देईल का, एवढंच तो बघतो.

हिची सर्वोत्तम वेळ होती १:०४.८, ५० मीटरच्या तलावात. अमेरिकेतल्या कॉलेज स्पर्धा २५ यार्डांच्या तलावात होतात. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर, शिवाय एकाऐवजी तीन टर्न. रूढ सूत्राने तिची वेळ ५७ सेकंदांच्या आसपास येते. हे सूत्र सरासरीचं आहे. जिची पाण्याखालची डॉल्फिन किक दमदार, ती यार्डांत सूत्रापेक्षा वेगवान निघते, कारण प्रत्येक भिंतीनंतर १५ मीटरपर्यंत पाण्याखाली राहायला मुभा असते. हिची किक चांगली होती. टर्न मात्र ढिला, भिंतीला हात लागल्यावर गुडघे पोटाशी यायला उशीर व्हायचा. टर्न सुधारला तर यार्डांतली वेळ तेवढ्यानेही खाली येईल, हे तिच्या ठाण्यातल्या कोचने व्हिडिओ बघताच सांगितलं.

मग ५७ सेकंद घेऊन निकाल चाळायला बसवलं. प्रत्येक कॉन्फरन्सचे निकाल नेटवर फुकट मिळतात. ए आणि बी फायनल मिळून पहिल्या १६ जणींची वेळ काढायची आणि आपली तिच्याशेजारी लिहायची. आयव्ही लीग, म्हणजे हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ज्यात आहेत ती कॉन्फरन्स, तिच्या बी फायनललाही दोन-तीन सेकंद कमी पडत होते, आणि १०० मीटरच्या शर्यतीत दोन सेकंद म्हणजे वर्ष-दीड वर्षाची मेहनत. स्टॅनफर्डचा विचार तिथंच संपला. ऑलिम्पिक विजेती केटी लेडेकी ज्या संघातून पोहली त्या संघाची पातळीच वेगळी. एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, विल्यम्स ही नावं मात्र यादीत राहिली. एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना, तिच्यात तीन डिव्हिजन आणि एक ही सर्वांत वरची. ही सगळी डिव्हिजन तीनमध्ये खेळतात आणि तिथं अशा वेळेवर फायनलची लेन मिळण्याची शक्यता असते. 'डिव्हिजन तीन' म्हटल्यावर वडिलांचा चेहरा उतरला. त्या यादीत एमआयटी आणि कॅलटेक आहेत हे ऐकल्यावर सावरला.

प्रशिक्षकाच्या पाठिंब्याचं वजनही सगळीकडे सारखं नसतं. आयव्हीत प्रशिक्षकाने नाव लावून धरलं आणि प्रवेश कार्यालयाने होकार भरला, तर १ ऑक्टोबरनंतर 'लाइकली लेटर' येऊ शकतं, म्हणजे प्रवेश जवळपास पक्का. एमआयटीत प्रशिक्षक शिफारस करतो, पण शब्द देऊ शकत नाही.

पत्र कसं लिहायचं यावर सर्वांत जास्त वेळ गेला, कारण घोळ तिथेच होतो. वडिलांनी आधीच एक ईमेल पाठवला होता: स्वतःच्या ऑफिसच्या पत्त्यावरून, सोबत चाळीस प्रमाणपत्रांची पीडीएफ. उत्तर आलं नाही, येणारही नव्हतं. पत्र मुलीने स्वतःच्या ईमेलवरून लिहायचं. विषयाच्या ओळीतच बारावीचं वर्ष, प्रकार, वेळ आणि तलावाची लांबी. आत पाच-सहा ओळी: कोणती स्पर्धा, कोणती तारीख, अधिकृत निकालाची लिंक, मागच्या दोन वर्षांत वेळ किती सुधारली, शाळेतले गुण, एसएटी कधी देणार. व्हिडिओ शर्यतीचाच, बाजूने घेतलेला, स्टार्ट आणि टर्न दिसणारा, पार्श्वसंगीताशिवाय. शिवाय संघाच्या संकेतस्थळावरचा प्रश्नावलीचा फॉर्म भरायचा. वेळ सुधारली की त्याच पत्राला दोन ओळींचं उत्तर जोडायचं. डिव्हिजन एकमध्ये बहुतेक खेळांत प्रशिक्षक दहावीनंतरच्या १५ जूनपासून उत्तर देऊ शकतात, म्हणजे आपल्याकडे अकरावी सुरू होते तेव्हा.

उत्तर आलं की हुरळून जायचं नाही. "आम्ही तुला अर्ज करायला प्रोत्साहन देऊ" हे वाक्य शेकडो मुलांना जातं. त्यावर सरळ विचारायचं: माझ्या प्रकारात यंदा तुम्हाला किती जणी हव्यात? प्रवेश कार्यालयाकडून प्री-रीड (गुणांची आगाऊ तपासणी) करून द्याल का? तो ठीक निघाला तर माझा अर्ज तुमच्या पाठिंब्याने जाईल का? मुलींना हे विचारणं उद्धटपणाचं वाटतं. तिकडे कोणी वाईट मानत नाही, आणि तिसऱ्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आलं की तो नकार समजावा.

प्री-रीड म्हणजे बारावीच्या सुरुवातीच्या जुलैत प्रवेश कार्यालय गुणपत्रिका तपासून प्रशिक्षकाला आधीच कल्पना देतं. त्यात नववी, दहावी, अकरावीचे गुण, एसएटी आणि बारावीचे विषय जातात. आपल्या मुलांची इथं विकेट पडते. 'दहावी झाली, अकरावी आरामात' ही ठाण्या-मुंबईतली जुनी सवय. त्यात इंटिग्रेटेड क्लासवाल्या ज्युनिअर कॉलेजात अकरावीची परीक्षा नावापुरतीच. प्री-रीडच्या कागदांत मात्र सर्वांत ताजे गुण अकरावीचेच असतात. हिची पहिली घटक चाचणी ६८ टक्क्यांची होती. आईच्या प्रश्नाचं उत्तर इथं होतं: पोहणं बंद करू नका, अकरावी सांभाळा, एसएटी मे-जूनपर्यंत उरका. सकाळचं सत्र कायम ठेवून परीक्षेच्या महिन्यात संध्याकाळची तीन सत्रं कमी केली. पोहणं सोडलं असतं तर शर्यतीतली वेळ बिघडली असतीच, अर्जातली सर्वांत भक्कम बाजूही गेली असती. प्रशिक्षकाने नाही घेतलं तरी अनेक कॉलेजांसाठी एकच अर्ज असलेल्या कॉमन अ‍ॅपच्या दहा उपक्रमांत आठवड्याला २० तासांचं पोहणं पहिल्या क्रमांकावर येतं.

पैशाचं थोडक्यात. आयव्ही आणि डिव्हिजन तीनमध्ये खेळाची शिष्यवृत्ती नाही. मदत मिळते ती घरच्या उत्पन्नावर. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट परदेशी मुलांचाही प्रवेश ठरवताना ऐपत बघत नाहीत. इतर बऱ्याच ठिकाणी बघतात. जिथं 'अर्ली डिसिजन' आहे तिथं प्रशिक्षक त्याचा आग्रह धरतो आणि तो अर्ज बांधून ठेवणारा असतो, म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथंच जायचं. म्हणून सही करण्याआधी विद्यापीठाच्या कॅल्क्युलेटरवर खर्चाचा अंदाज काढायलाच हवा.

ठाणे बॅडमिंटनचं गाव, म्हणून एक जोड. एनसीएएच्या खेळांत बॅडमिंटन नाही; टेबल टेनिस, कबड्डी, खो-खो, क्रिकेटही नाहीत. त्या मुलांना यादीचा हा रस्ताच नाही, त्यांचा खेळ उपक्रम म्हणूनच मोजला जातो. स्क्वॉशचं वेगळं: तो एनसीएएचा खेळ नसूनही आयव्हीचे प्रशिक्षक खेळाडू निवडतात. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये खेळाचं वजन शून्य. आणि आयआयटी मद्रासने २०२४ पासून खेळाडूंसाठी जादा जागा ठेवल्या आहेत, पण त्यासाठी जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीत यावं लागतं आणि मागच्या चार वर्षांत राष्ट्रीय पदक लागतं. हिचा पाचवा क्रमांक तिथं चालत नाही.

एजंटला नकार कळवला. त्याच्या अडीच लाखांत होणारं काम मुलीने दोन रविवारांत केलं होतं. अकरा पत्रांपैकी चारांना उत्तरं आली. दोघांनी 'संपर्कात राहा' म्हटलं, डिव्हिजन तीनच्या दोघांनी अकरावीचा निकाल आणि एसएटी हातात आल्यावर प्री-रीड करू असं लिहिलं. त्यातल्या एकाने टर्नचा नवा व्हिडिओ मागितला आहे.